पालथा हात

बाजारात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. इलेक्ट्रिकच्या दुकानदारापासून रंगाऱ्यापर्यंत सगळे त्याला थर्मामीटर म्हणत आणि तोही खुशीने ओ देई, कारण हे नाव त्याने कमावलेलं होतं. पस्तीस वर्षं वायरमनचं काम. छतातल्या दिव्यांना कमी व्होल्टची वीज देणारा नवा ट्रान्सफॉर्मर बसवला की तो दिवे तासभर चालू ठेवायचा, मग शिडीवर चढून उजव्या हाताची पालथी बाजू लोखंडावर टेकवायचा आणि मनात एक ते दहा मोजायचा. दहापर्यंत हात टिकला की काम पास. सातलाच काढावा लागला की मोठा ट्रान्सफॉर्मर घालायचा. मीटर, पक्कड, कागदावरचा हिशेब हे सगळं त्याच्याकडेही होतं, पण शेवटचा शब्द हाताचा. गिऱ्हाइकाने कुरकुर केली तर उत्तर ठरलेलं असे, "काळजी करू नका, मी हात लावून पाहिलंय." आणि लोक खरोखरच काळजी करायचं सोडून देत.

त्या हाताची एक गोष्ट मात्र फक्त त्यालाच माहीत होती, आणि तीही अर्धीमुर्धी. गेल्या वर्षभरात बारीक स्क्रू बोटांतून निसटून पडायला लागले होते. शर्टाची गुंडी लावायला दोन मिनिटं जायची. एकदा जिन्यात पायातली चप्पल निघाली आणि तो तसाच वीस पावलं पुढे गेला, खालून कुणीतरी हाक मारली तेव्हा त्याला कळलं. रक्तातल्या साखरेसाठी तो ज्या डॉक्टरकडे जायचा त्यांनी दर खेपेला विचारलं होतं, "हातापायांना मुंग्या येतात का?" आधी यायच्या तेव्हा त्याने नाही म्हणून सांगितलं, कारण वायरमनच्या हाताला मुंग्या येतात हे बाजारात पसरलं तर संपलंच. मग मुंग्या आपोआप थांबल्या. आपण बरे झालो, असा त्याने त्याचा अर्थ घेतला. शहाण्या माणसाला मूर्ख व्हायला कधीकधी एवढंसं कारण पुरतं.

धाकट्या बहिणीच्या दुकानातल्या दिव्यांचं काम ह्या भानगडीत निघालं. तिचं शिवणकामाचं दुकान होतं, पुढे काचेची शोकेस, आत कापड बेतायचं लांब टेबल, आणि टेबलाच्या वर लाकडी फळ्यांचा माळा. माळ्याच्या खालच्या अंगाला खोटं छत ठोकून त्यात सहा हॅलोजनचे दिवे बसवलेले, बारा व्होल्टवर चालणारे, प्रत्येकी पस्तीस वॅटचे. वर माळ्यावर तिची गादी असे. दुपारी शटर आतून ओढून घ्यायचं आणि वर जाऊन दोन तास झोपायचं, हा तिचा वीस वर्षांचा नेम.

"दादा, मला काळा दोरा आणि गडद निळा दोरा वेगळा दिसत नाही रे आता," ती म्हणाली होती. "परवा एका साहेबांची काळी पँट निळ्या दोऱ्याने शिवून दिली. उजेड वाढवून दे."

म्हणून तो काल पन्नास वॅटचे सहा दिवे आणायला इलेक्ट्रिकच्या दुकानात गेला. काउंटरवाला त्याचा जुना दोस्त. त्याने दिवे काढता काढता बोटांवर हिशेब केला.

"सहा पन्नास तीनशे. तुझा तिथला जुना ट्रान्सफॉर्मर कितीचा?"

"अडीचशे वॅटचा. लोखंडी."

"मग तो काढ आणि हा साडेतीनशेचा घाल."

"छतातल्या खाचेत मावत नाही. माळ्याची फळी कापावी लागेल."

"तर मग इलेक्ट्रॉनिक घे दोन. तीन-तीन दिवे वाटून दे. जास्त तापले तर आपले आपण बंद पडतात."

"त्यांची पुढची वायर दोन मीटरच्या आत लागते. तिचा शेवटचा दिवा शोकेसमध्ये आहे, पाच मीटरवर. एवढं तर मलाही कळतं."

"कळतं ना? मग हेही कळून घे, बारा व्होल्टला तीनशे वॅट म्हणजे पंचवीस अँपिअर होतात. अडीचशेचा किती वेळ ओढेल?"

"अरे जुन्या बांधणीचा दणकट माल आहे तो. आणि मी काय नुसता बसवून पळून जाणार आहे? हात लावून बघणार ना!"

काउंटरवाल्याने दोन्ही हात जोडले. "तुझ्या हातापुढे आम्ही काय बोलणार, थर्मामीटर!" दोघेही हसले आणि तो फक्त दिवे घेऊन निघाला.

आज सकाळी दहाला त्याने दिवे बदलले. दुकान असं लख्ख झालं की धाकटीने दोन्ही रिळं उजेडात धरून पाहिली आणि लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. तासभर वाट पाहून तो शिडीवर चढला, छताचं झाकण सरकवलं, आत हात घालून ट्रान्सफॉर्मरवर पालथा टेकवला आणि मोजायला लागला. दहा झाले. हात अगदी निवांत होता. मग बहीण खालून बघतेय म्हणून त्याला जरा चेव आला आणि तो मोठ्याने मोजत पंधरापर्यंत पोचला.

"बघ, पंधरा! गार आहे गार."

"तुझा हातच देवाने वेगळा घडवलाय," धाकटी म्हणाली.

"आज दिवसभर दिवे बंद करू नकोस. दुपारी झोपतानासुद्धा चालू राहू देत. संध्याकाळी येऊन पुन्हा एकदा हात लावतो." ही त्याची नेहमीची पद्धत होती, नव्या कामाला दिवसभर जुंपून बघायचं. धाकटी त्याचा शब्द खाली पडू देत नसे. दादाने सांगितलं की दिवे चालू म्हणजे चालू.

दीडच्या सुमारास तो घरी जेवायला बसला. बायको वाढायला वाकली आणि तशीच थांबली.

"अहो, हे काय झालं हाताला?"

त्याने हात फिरवून पाहिला. उजव्या हाताच्या पालथ्या बाजूला चांगला रुपयाएवढा फोड आला होता, पाण्याने टम्म भरलेला. भोवती कातडी लालबुंद. "काही नाही, कुठेतरी घासलं असेल," तो म्हणाला, कारण तोंडाला तेच सवयीचं होतं.

"घासलंय कसलं? हे भाजलंय. दुखत नाही का तुम्हाला?"

त्याने फोडावर बोट दाबलं. दुखलं नाही. आणखी जोरात दाबलं. काहीच नाही, जणू हात दुसऱ्याच कुणाचा होता. मग त्याने तो खिडकीच्या उजेडात नेला आणि नीट पाहिला. फोडाच्या बाजूला बारीक बारीक रेघा उठल्या होत्या, कंगवा दाबून धरावा तशा, आणि टोकाला एक छोटा गोल होता, मधोमध आडवी खाच असलेला. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांच्या चळतीच्या त्या रेघा, आणि ती चळत आवळणाऱ्या बोल्टचं ते डोकं. सकाळी पंधरा मोजेपर्यंत त्याने ज्याच्यावर हात दाबून ठेवला होता, ते सगळं तिथे छापून आलं होतं.

सकाळी अकरालाच इतकं तापलं होतं! आणि ते गार आहे असं आपण छातीठोकपणे सांगून आलो. अकरा ते दीड. ट्रान्सफॉर्मर माळ्याच्या फळीला खालून स्क्रूने आवळलेला, खोटं छत त्याचं वजन पेलणार नाही म्हणून त्यानेच तसा बसवलेला. फळीच्या वर गादी. गादीत कापूस. आणि आत्ता ह्या घटकेला गादीवर धाकटी.

त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. झोपताना ती फोन खाली टेबलावर ठेवून वर जाते हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने तीनदा लावला.

"तू लावत राहा, थांबू नकोस," त्याने बायकोच्या हातात फोन कोंबला.

"झालंय तरी काय?"

"धाकटीच्या दुकानात आग लागेल."

"मग आगीचा बंब बोलवा!"

तो दारात अडखळला. बंबवाल्यांना काय सांगायचं? माझ्या हाताला फोड आलाय, लवकर या? आणि बंब आलाच आणि तिथे काही नसलं, तर बाजार आयुष्यभर हसेल. असा विचार आपल्या मनात अशा वेळी आला, ह्याची त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. "तिथे पोचून बघतो," असं पुटपुटून तो जिना उतरला.

स्कूटरची किल्ली भोकात जाईना. दोनदा हातातून पडली, दुसऱ्यांदा तर पडल्याचंही कळलं नाही, तो रिकामीच चिमूट फिरवत होता. शेवटी डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्याने ती आत घातली. रस्ता जेमतेम दहा मिनिटांचा, पण भर दुपारी पाण्याच्या पाइपासाठी अर्धा खणून ठेवलेला. एका ट्रकमागे तो अडकला तेव्हा त्याला धूर दिसला. ट्रकचाच धूर होता. पुढे पुन्हा दिसला, तो कुणीतरी कचरा पेटवलेला. मग त्याला जिकडेतिकडे धूरच दिसायला लागला. त्याला भीती वाटत होती, साधी, लहान पोराला वाटते तशी भीती, आणि हँडल धरलेल्या त्या हाताकडे बघायची त्याला हिंमत होत नव्हती.

दुकानाचं शटर खाली होतं. शेजारच्या काचेच्या शोकेसमध्ये दिवा झगझगीत जळत होता आणि त्याच्या उजेडात एक अर्धवट शिवलेला कोट ऐटीत उभा होता. धूर नव्हता. पण शटरच्या फटीला नाक लावल्याबरोबर त्याला तो वास आला. तापलेल्या वार्निशचा, गोडसर, घशाला चिकटणारा. वायरमनला हा वास झोपेतही ओळखू येतो.

"धाकटे! अगं धाकटे, ऊठ!"

तो शटर बडवायला लागला. पत्रा दणदणत होता, आतून उत्तर नाही. वर माळ्यावर टेबलफॅन घरघरत असणार, त्यात तिला काय ऐकू येणार! पस्तीस वर्षांचा वायरमन चांगली दोन मिनिटं नुसता दार बडवत राहिला आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की मीटरची पेटी बाहेर जिन्याखाली आहे.

तो धावला. त्या रांगेतल्या पाचही दुकानांचे फ्यूज तिथे होते, त्यानेच बसवलेले, वर त्याच्याच अक्षरात आकडे. पण आता ते आकडे डोळ्यांपुढे नाचायला लागले. दोन का तीन? त्याने विचार सोडला आणि पाचही ओढून काढले.

सगळी रांग थंड पडली. झेरॉक्सवाला तावातावाने बाहेर आला, त्याच्या मशीनमध्ये कुणाच्या तरी अर्जाचा अर्धा कागद अडकला होता. पाठोपाठ घड्याळजी आला, डोळ्याला भिंग तसंच. "थर्मामीटर, अरे भर दुपारी हे काय चालवलंयस?" त्याचे कान शटरकडे होते. आणि मग आतून पावलं वाजली, कडी निघाली, शटर गुडघ्याएवढं वर आलं. एवढ्या आरडाओरड्याने जी उठली नव्हती ती पंखा बंद पडल्याबरोबर उठली होती.

"लाईट गेली वाटतं," धाकटी डोळे चोळत म्हणाली. "दादा? तू आत्ता कसा?"

ती उभी होती, केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी उमटलेली. त्याला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तो तिला बाजूला सारून शिडीकडे गेला. वर चढला, झाकण सरकवलं, खिशातली विजेरी दातांत धरली आणि उजवा हात आत घातला.

गार.

सकाळी लागला होता तसाच, अगदी तसाच. क्षणभर त्याला हायसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी फोड आठवला. हा हात आता काहीही सांगत नव्हता. खाली झेरॉक्सवाला आणि घड्याळजी माना वर करून उभे होते. "काय रे, आहे का काही?" घड्याळजीने विचारलं. काही नाही म्हणायचं, फ्यूज परत बसवायचे, वास कशाचातरी असेल म्हणायचं. दोन शब्दांत भागलं असतं. पस्तीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. ते दोन शब्द त्याच्या ओठांवर आले होते, हे खोटं नाही.

"धाकटे," तो म्हणाला, "शिडीवर ये. तू हात लाव."

"मी? मला शॉक बसला तर?"

"फ्यूज काढलेत सगळे. ये."

"पण दादा, तू लावलायस ना आत्ता?"

"माझ्या हाताला कळत नाही." आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुन्हा म्हणावं लागलं, आणि या वेळी खालच्या दोघांनीही ऐकलं. "माझ्या हाताला गरम कळत नाही. वर्ष झालं असेल. ये तू."

कुणी हसलं नाही. तो उतरला, ती चढली. तिने चाचपडत झाकणातून हात आत नेला आणि लोखंडापर्यंत पोचायच्या आधीच ओरडून मागे घेतला.

"अगं आई गं! इस्त्री आहे की काय ही!"

मग सगळे माळ्यावर गेले. गादी उचलली. खालच्या फळीवर ताटलीएवढा तपकिरी गोल उमटला होता आणि मधोमध तो काळा पडला होता. गादीच्या खोळीवर, त्याच जागी, इस्त्री विसरून राहिल्यावर पडतो तसा डाग. घड्याळजीने भिंग वर सारलं आणि बोट लावून पाहिलं. खोळ त्याच्या बोटाखाली भुग्यासारखी चुरली.

"मला वाटलं आज गादी छान ऊबदार लागतेय," धाकटी हळूच म्हणाली. "कंबर दुखत होती ना. मी कूस बदलून मुद्दाम तिथेच टेकवली."

तो फळीवर मटकन बसला. सकाळी पंधरा आकडे मोजले होते ते त्याला एकेक करून पुन्हा ऐकू यायला लागले, आणि खालून तिच्या टाळ्या. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने लपवलं नाही. झेरॉक्सवाला गुपचूप खाली गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला.

धाकटी त्याच्याशेजारी बसली. त्याचा उजवा हात तिने मांडीवर घेतला, उलटा केला, फोड पाहिला, रेघा पाहिल्या, बोल्टचा गोल पाहिला. आयुष्यभर कापडावरच्या खुणा वाचणारी बाई ती, तिला समजावून सांगायची गरज पडली नाही.

"दादा," ती म्हणाली, "ह्या वर्षात अजून कुठे कुठे लावलास हा हात?"

ट्रकमागे अडकला असतानासुद्धा जी भीती वाटली नव्हती ती आता वाटली, कारण आतापर्यंत त्याने एकाच छताचा विचार केला होता. खिशातली वही त्याने काढली. पानं उलटेनात, तेव्हा तिनेच ती उलटली आणि वाचायला लागली. चष्म्याचं दुकान, चार दिवे. दातांचा दवाखाना, आठ. वाचनालय, लाकडी कपाटांच्या वर, दहा. पाळणाघर, मुलांची झोपायची खोली, पाच. ती वाचत गेली आणि प्रत्येक जागेचं झाकण, शिडी, अंधारी पोकळी त्याच्या डोळ्यांपुढे येत गेली. सगळीकडे हात लावला होता. सगळीकडे गार लागलं होतं. गेल्या वर्षभरात एकही ट्रान्सफॉर्मर त्याने तापला म्हणून बदलला नव्हता, आणि ह्याचा त्याला अभिमान वाटायचा.

एकूण बावीस जागा निघाल्या.

"कितीचे ट्रान्सफॉर्मर घातलेस?"

"हिशेबाने घातले बहुतेक. पण जिथे थोडं कमीजास्त होतं तिथे हातावर सोडलं."

घड्याळात अडीच वाजले होते. धाकटीने टेबलावरून आपला फोन आणला, त्याच्यावर दादाच्या नंबरवरून आलेले एकतीस मिस्ड कॉल दिसत होते. तिने वहिनीला दोन शब्दांत सांगितलं की मी धडधाकट आहे, आणि मग वहीतला पाळणाघराचा नंबर स्वतःच लावून फोन त्याच्या कानाशी धरला. पाळणाघरात ह्या वेळी मुलं झोपलेली असतात.

"बाई, वायरमन बोलतोय. तुमच्याकडचे छतातले दिवे आत्ताच्या आत्ता बंद करा. मेन स्विचवरून. आणि मुलांना त्या खोलीतून बाहेर घ्या. मी दहा मिनिटांत पोचतो, बहिणीला घेऊन येतोय."

"का हो, काय झालं?" पलीकडून बाई हसून म्हणाल्या. "उगाच घाबरवू नका. तुम्ही स्वतः हात लावून पाहिलं होतंत ना?"

"हो बाई," तो म्हणाला. "म्हणूनच फोन करतोय."